तयार स्केटबोर्ड की स्वतः जोडलेला: नागपुरात ८,००० रुपयांत पहिला बोर्ड

प्रश्न थोडक्यात असा आहे: "इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नागपुरात राहतो. वजन ७४ किलो, बुटाचा नंबर ९. स्केटबोर्ड शिकायचा आहे, बजेट ८,०००. मावसभाऊ म्हणतो तयार बोर्ड म्हणजे खेळणं, सुटे भाग मागव आणि स्वतः जोड. घरासमोर सिमेंट रस्ता आहे, अपार्टमेंटचं पार्किंग आहे. ऑलीही (बोर्डासकट हवेत उडी मारणं) शिकायची आहे आणि कॉलेजच्या आवारात फिरायचंही आहे. काय करू?"

तुमच्या मावसभावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खेळण्यांच्या दुकानात हजार-दीड हजाराला जो बोर्ड मिळतो तो खेळणंच असतो, आणि ७४ किलोच्या माणसाने त्यावर उभं राहू नये. पण 'तयार' म्हणून विकला जाणारा प्रत्येक बोर्ड त्या जातीचा नसतो. स्केटबोर्डचेच भाग बनवणाऱ्या कंपन्या तेच भाग जोडून 'कॉम्प्लीट' म्हणून विकतात. त्यामुळे बोर्ड कोणी जोडला हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा, की त्यातला प्रत्येक भाग प्रमाणित मापाचा आहे का? उद्या चाक झिजलं, ट्रकचं (चाकं धरणाऱ्या, बोर्डाखालच्या धातूच्या भागाचं) बुशिंग, म्हणजे त्यातलं रबरासारखं कडं, फाटलं, डेक (उभं राहायची फळी) मोडला तर तेवढाच भाग बदलता येईल का? येत असेल तर तो बोर्ड घ्यावा. येत नसेल तर तो कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो, कारण एक भाग गेला की सगळा टाकावा लागतो.

ही मापं पाठ करून ठेवण्यासारखी आहेत. बेअरिंग ६०८ नंबरचं असतं: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. एका चाकात दोन, म्हणजे बोर्डात आठ. ट्रकच्या एका बेसप्लेटला (डेकला टेकणाऱ्या तळाच्या पट्टीला) चार बोल्ट, दोन्ही ट्रक मिळून आठ. डेकवर या चार भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत आडवं साधारण ४१ मिलिमीटर आणि उभं ५४ मिलिमीटर असतं. जुन्या पद्धतीत उभं अंतर सुमारे ६३ असायचं, म्हणून काही ट्रकच्या बेसप्लेटला सहा भोकं दिसतात. ते दोन्हीला चालतात. खेळण्यातल्या बोर्डाची भोकं बहुधा यांपैकी कशालाच जुळत नाहीत. दुकानात शाळेतली साधी पट्टी लावली तरी हे कळतं.

आता तुमचं बजेट. सुटे भाग घ्यायचे म्हणजे डेक, ट्रकची जोडी, चार चाकं, आठ बेअरिंग, ग्रिपटेप (डेकवर चिकटवायचा खरखरीत कागद), नट-बोल्टचा संच आणि पाने. यात ट्रक सगळ्यात महाग. ओळखीच्या ब्रँडचे ट्रक, बऱ्यापैकी चाकं आणि मेपल लाकडाचा डेक एवढ्यातच ८,००० संपतात, बेअरिंगपर्यंत पोचताच येत नाही. मग लोक तडजोड करतात ती नेमकी चुकीच्या जागी: डेक भारी घेतात, कारण चित्र त्याच्यावर असतं, आणि ट्रक कुठले तरी. शिकाऊ माणसाने खरं तर उलट करायला हवं. पहिला डेक तुम्ही मोडणारच आहात. ऑली शिकताना पाय बोल्टांवर न पडता मधोमध पडतात आणि डेकला तडा जातो. थांबायला शेपूट (डेकचं मागचं वर वळलेलं टोक) जमिनीवर घासली की ती सिमेंटवर धारदार होत जाते. ट्रक मात्र नीट वापरले तर वर्षानुवर्षं टिकतात.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. ८,००० मधले १,०००–१,५०० हेल्मेटसाठी आधी बाजूला ठेवा. उरलेल्यात स्केटबोर्डच बनवणाऱ्या कंपनीचा किंवा डेकॅथलॉनसारख्या खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानातला प्रमाणित मापाचा कॉम्प्लीट घ्या. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात तो पूर्ण खोला आणि परत जोडा. जोडणी शिकण्याची भाऊंची सूचना चांगलीच आहे, पण त्यासाठी आठ पार्सलं मागवायची गरज नाही. भाग परगावाहून कुरिअरने येतात; ट्रक अर्ध्या इंचाने चुकला की परत पाठवण्यात पंधरा दिवस जातात आणि तोवर हातात फक्त लाकूड असतं.

हे उत्तर सगळ्यांना लागू नाही. तुमचं वजन ९० किलोच्या पुढे असतं, तर कॉम्प्लीटमधली बुशिंग तुमच्याखाली दबून गेली असती. तेव्हा किमान ट्रक आणि बुशिंग वेगळी निवडावी लागतात. बुटाचा नंबर ११ असता तर ८.५ इंची डेक शोधावा लागला असता, आणि एवढे रुंद कॉम्प्लीट कमी मिळतात. आधी कुणाचा बोर्ड वर्षभर चालवला असेल आणि आपल्याला काय हवं ते पायाला माहीत असेल, तर जोडूनच घ्यावा. ऑली वगैरे काही नको, फक्त फिरायचं आहे, असं असेल तर मोठ्या मऊ चाकांचा क्रूझर हा वेगळाच रस्ता आहे.

तुम्हाला ८ किंवा ८.२५ इंच रुंदीचा डेक चालेल. मी ८.२५ सुचवेन, पाय ठेवायला जागा थोडी जास्त मिळते आणि सुरुवातीला तीच उपयोगी पडते. लांबी ३१ ते ३२ इंच असतेच, तिच्यात फार अडकू नका. डेक मेपलच्या सात थरांचा असावा. ट्रकची धुरी (जिच्यावर चाकं फिरतात तो दांडा) डेकच्या रुंदीएवढी हवी. पाव इंचापर्यंत फरक चालतो. धुरी फार लहान असेल तर बोर्ड डगमगतो, फार मोठी असेल तर ढकलताना टाच चाकाला लागते. पुढे कधी ट्रक सुटे घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा: ट्रकवरचा आकडा इंचात असेलच असं नाही. इंडिपेंडंटचा १३९ हा ८ इंची डेकसाठी, १४४ हा ८.२५ साठी आणि १४९ हा ८.५ साठी. दुसऱ्या कंपनीचे आकडे वेगळे चालतात, म्हणून नेहमी धुरीची लांबी विचारा.

चाकांचा भाग नागपूरसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि इथेच परदेशी व्हिडिओ दिशाभूल करतात. त्यांत ५२ मिलिमीटर व्यासाची, ९९ए कडकपणाची चाकं सुचवलेली असतात (आकडा जितका मोठा तितकं चाक कडक). गुळगुळीत स्केटपार्कमध्ये ती उत्तमच. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांवर पाणी साचू नये आणि टायर घसरू नये म्हणून आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात, आणि ठरावीक अंतरावर जोड असतात. त्या रेघांवर ९९ए चाक पायाला अखंड झिणझिण्या आणतं, आणि जोडाची फट रुंद असेल तर लहान चाक तिच्यात अडकून माणूस पुढे फेकला जातो. फुटपाथच्या गट्टूंवर तर दहा पावलंही जाववत नाही. मोठं चाक फटीवरून सहज पुढे जातं, मऊ चाक खडबडीतपणा गिळतं. पण मोठं चाक जड असतं आणि मऊ चाक उसळी मारतं, त्यामुळे ऑलीला अडचण होते.

दोन्ही कामं एकाच चाकाने नीट होत नाहीत. कॉम्प्लीटसोबत आलेली कडक चाकं पार्किंगसाठी ठेवा. पार्किंगची फरशी ट्रिमिक्स (यंत्राने सपाट, गुळगुळीत केलेल्या) काँक्रीटची असेल तर ऑलीसाठी याहून चांगली जागा शोधायची गरज नाही. पॉलिश केलेला कोटा असेल तर सांभाळा, त्यावर कडक चाक वळताना बाजूला सटकतं. दोन-तीन महिन्यांनी पैसे जमले की ५६ ते ५८ मिलिमीटरचा, ७८ए ते ८५ए कडकपणाचा दुसरा संच घ्या. त्याला स्वतःची बेअरिंग बसवून ठेवली की अदलाबदल दहा मिनिटांची. या मोठ्या चाकांसोबत ट्रक आणि डेकच्या मध्ये १/८ इंची रायझर पॅड (उंची वाढवणाऱ्या पट्ट्या) लागतात, आणि बोल्ट एक इंचीऐवजी सव्वा इंची. रायझर टाळू नका. वळताना चाक डेकला घासलं तर ते तिथेच अडकतं, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि तुम्ही मात्र पुढे जाता. डेकच्या पोटावर चाकाच्या वर काळा किंवा झिजलेला पट्टा दिसू लागला की समजावं, घासणं सुरू झालंय.

आणखी एक. चाकं आणि बुशिंग ज्या रबरासारख्या पदार्थाची असतात ते पॉलियुरेथेन उष्णतेत मऊ होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा दुपारच्या रस्त्यावर चाकं आणि बुशिंग दोन्ही नेहमीपेक्षा नरम पडतात आणि बोर्ड जास्त वळतो. ट्रक ढिले झाल्यासारखे वाटतात म्हणून लोक किंगपिन (ट्रकच्या मधला मोठा बोल्ट) आवळतात, मग डिसेंबरच्या सकाळी बोर्ड वळतच नाही. तसंही उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकलेलं बरं.

दुकानात बोर्ड हातात घेतलात की आधी तो सपाट फरशीवर ठेवा. चारही चाकं टेकली पाहिजेत. एक उचललं जात असेल तर डेक पिळलेला आहे किंवा ट्रक वाकडा. मग मधोमध उभे राहा. डेक किंचित दबेल, पण झोका घेत असेल तर तो नको. ट्रक पूर्ण धातूचे आहेत का ते नीट बघा, विशेषतः बेसप्लेट. चंदेरी रंग दिलेलं प्लास्टिक लांबून अ‍ॅल्युमिनियमसारखंच दिसतं, पण नखाने वाजवलं की आवाजातच कळतं. एका बाजूला झुका: ट्रक वळून परत मध्ये आला पाहिजे. चाक फरशीवर आडवं घासून पाहा. पॉलियुरेथेन पकडतं, साधं प्लास्टिक सरकतं आणि खरखरतं. हा फरक मामुली नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फ्रँक नॅसवर्दी यांनी स्केटबोर्डसाठी पॉलियुरेथेनची चाकं आणली, त्याआधी मातीच्या मिश्रणाची आणि धातूची चाकं असत आणि बारीकशा खड्यावरही माणूस आपटायचा. प्लास्टिकचं चाक घेणं म्हणजे पन्नास वर्षं मागे जाणं.

शेवटी दुकानदाराला एक चाक काढून दाखवायला सांगा आणि बेअरिंगवर ६०८ छापलंय का ते बघा. एबीईसीच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. तो आकडा बेअरिंग किती काटेकोर मापात बनलंय एवढंच सांगतो. स्केटबोर्डवर बेअरिंगला धक्के बसतात आणि धूळ लागते, ते त्या आकड्यात कुठेच धरलेलं नाही. आपल्याकडच्या धुळीला दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं बेअरिंग जास्त उपयोगी.

आता खोलण्या-जोडण्याबद्दल. स्केटबोर्डचे नट इंची मापाचे असतात: बोल्टांचे नट ३/८, चाकाचा नट १/२, किंगपिनचा नट ९/१६. घरातला मिलिमीटरचा पाना वापरायचा मोह होतो. चाकाच्या नटाला १३ चा पाना चालून जातो, पण किंगपिनला १४ चा बसत नाही आणि १५ चा ढिला पडून नटाचे कोपरे गोल करतो. स्केटबोर्डचा टी-टूल (तिन्ही मापांचा एकच टी आकाराचा पाना) मागवा, नाहीतर इतवारीत लोहाओळीत जाऊन हे तीन इंची सॉकेट आणि एक हँडल घ्या. घरात इतर कामांनाही येतात.

खोलण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. चाकाचा नट काढला की बाहेर एक पातळ वॉशर असतो, आणि चाकाच्या आतल्या बाजूलाही एक. असे एकूण आठ. ते वाटीत ठेवा. सगळ्यात जास्त हरवणारी वस्तू हीच, आणि ते नसले की नट थेट बेअरिंगच्या झाकणावर घासतो. बेअरिंग हातोडीने बसवायचं नाही. ते धुरीवर ठेवायचं, चाक त्यावर धरायचं आणि दोन्ही तळव्यांनी सरळ खाली दाबायचं, मग चाक उलटं करून दुसऱ्या बाजूने तसंच. दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर (छोटी नळी) असेल तर तो विसरू नका. जोडताना क्रम असा: वॉशर, चाक, वॉशर, नट. नट पूर्ण आवळा, मग पाव फेरा मागे घ्या. चाक बोटाने आडवं हलवलं तर अगदी थोडं हललं पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि ते लवकर जातं. या नटांत नायलॉनचं कडं असतं. नट नुसत्या बोटाने पूर्ण फिरू लागला तर कडं संपलंय, नवा नट घ्या. चालता चालता चाक निघणं याच आळसातून होतं.

ट्रक बसवताना दोन्हींचे किंगपिन बोर्डाच्या मध्याकडे, एकमेकांकडे तोंड करून हवेत. एक उलटा लागला तर डावीकडे झुकल्यावर तो ट्रक उजवीकडे वळतो. पहिल्यांदा जोडणाऱ्यांची ही सगळ्यात हमखास चूक. चारही बोल्ट आधी हाताने लावा, मग कर्णरेषेत एकाआड एक आवळा, म्हणजे बेसप्लेट सपाट बसते. बोल्टचं डोकं ग्रिपटेपच्या पातळीला आलं की थांबा. ते लाकडात रुतू लागलं, भोवती बारीक चिरा दिसल्या, तर जास्त झालं. पहिल्या आठवड्यानंतर आणि मग दर पंधरा दिवसांनी हे आठ नट तपासा, सिमेंटच्या थरथरीने ते ढिले होतात. किंगपिन इतकाच आवळा की बुशिंग बाहेर फुगणार नाही, आणि नटाच्या नायलॉनमधून पिनचे आटे दिसत राहतील. बोर्ड फारच डगमगत असेल तर नट अजून आवळण्याऐवजी जास्त कडक बुशिंग घ्या. तुमच्या वजनाला ९० ए च्या आसपासची सोयीची, आणि ट्रकसोबत बहुधा तीच येतात.

नवी ग्रिपटेप लावायची वेळ डेक बदलताना येईल. ९ बाय ३३ इंचाचा कागद मधून टेकवून दोन्ही टोकांकडे दाबत न्या, म्हणजे हवा बाहेर जाते. कडेने कानस ४५ अंशात घासली की पांढरी रेघ उमटते, त्या रेघेवरून ब्लेडने खालून कापा. बोल्टची भोकंही खालून टोकदार पेचकसाने पाडा, वरून ती दिसतच नाहीत. ही टेप उन्हात तापलेल्या गच्चीवर लावू नका. डिंक इतका पटकन पकडतो की वाकडी लागलेली टेप उचलताना फाटते.

बोर्ड ठेवायच्या जागेचं एक खास नागपुरी दुखणं आहे, ते कुठल्याच व्हिडिओत सापडणार नाही. उन्हाळाभर बोर्ड कूलरच्या झोतात भिंतीला टेकवून ठेवला जातो. एक बाजू ओल धरते, दुसरी कोरडी राहते, आणि जूनपर्यंत डेक पिळतो, नाहीतर कडेला थर सुटू लागतात. बेअरिंगलाही गंज चढतो. बोर्ड दुसऱ्या खोलीत आडवा ठेवा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर नेऊच नका. भिजलेल्या मेपलची उसळी जाते ती परत येत नाही. भिजलाच तर चाकं काढून, बेअरिंग पुसून, पंख्याखाली वाळवा. बेअरिंग धुवायला मातीचं तेल वापरू नका, ते मागे चिकट थर ठेवतं आणि त्याला धूळ बसते. सील सुईने अलगद काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका. खिडक्या बंद ठेवून हे करू नका, आणि गॅसजवळ तर मुळीच नाही.

सेमिनरी हिल्सच्या उतारांकडे पहिले सहा महिने जाऊ नका. पायाने थांबता येत नाही तोवर प्रत्येक उतार हा अपघात आहे. संध्याकाळचा फुटाळाही नको, तिथल्या गर्दीत बोर्ड पायाखालून सुटला तर तो दुसऱ्याच्याच घोट्यावर जातो. कॉलेजच्या आवारात सुरक्षारक्षकांना आधी विचारून ठेवा आणि पहिला महिना पार्किंगमध्येच काढा: ढकलणं, दोन्ही बाजूंना वळणं, पाय टेकवून थांबणं. ऑली त्यानंतर.

शेपूट इतकी झिजली की आपटल्यावर टक् असा आवाज न येता बद्द आवाज येतो, किंवा बोल्टांजवळ आडवी चीर दिसते, तेव्हा डेक संपला. त्या दिवशी फक्त ८.२५ चा नवा डेक, ग्रिपटेप आणि बोल्टचा नवा संच घ्या. ट्रक, चाकं, बेअरिंग जुनीच. तोवर तुम्ही हा बोर्ड चार-पाच वेळा खोललेला असेल, त्यामुळे जोडायला तासाभराहून जास्त लागणार नाही, आणि भाऊंना हवा तो स्वतः जोडलेला बोर्डही तयार असेल.